चौकटीतली तार

शीतगृहाचं दार गेले दोन दिवस चिकटत होतं. त्या दुपारी धाकट्या सुनेनं चौकटीवर गरम पाणी ओतलं, दार ओढून उघडलं आणि हत्यारांची पिशवी घेऊन ती आत गेली. दार गोठू नये म्हणून चौकटीच्या पट्टीखालून हीटरची तार फिरवलेली होती, तीच तिला तपासायची होती. लग्नाआधी ती वायरमनचं काम शिकली होती. लग्नानंतर घरच्या शीतगृहाची सगळी वीज आपसूक तिच्या गळ्यात पडली.

मागोमाग सासरे आले. "किती वेळ? माल विरघळेल," असं म्हणत त्यांनी जन्माच्या सवयीनं दार आपल्यामागे ओढून घेतलं.

"बाबा, दार…" एवढंच तिच्या तोंडून निघालं. ओली चौकट उणे अठरात गोठायला कितीसा वेळ लागणार? आतून उघडायचा दांडा तिनं ढकलला. मग दोघांनी खांदे लावले. दार ढिम्म हललं नाही.

हमाल सुट्टीवर होते. नवरा माल पोचवायला लांब गेला होता. पत्र्याच्या भिंतींत फोनला रेंज नव्हती.

"पंखा तरी बंद कर," सासरे म्हणाले.

"त्याचं बटण बाहेर आहे."

सासरे अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात होते. तिनं आपलं जाकीट त्यांच्या अंगावर घातलं आणि गोठलेल्या वाटाण्याच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून पायाखाली दिले. ते नको-नको करत राहिले, पण जाकीट काही काढलं नाही. थोड्या वेळानं त्यांची जीभ जड झाली आणि ते खोक्यावर टेकून डोळे मिटायला लागले.

"बाबा, झोपू नका. मी आकडे सांगते, तुम्ही हिशेब करा." तिनं हीटरच्या वायरीला मीटरचा चिमटा लावला. "दोनशे तीस व्होल्ट, अर्धा अँपिअर. व्होल्टला अँपिअरनं भागा."

पाढे हा म्हाताऱ्याचा हातखंडा. डोळे न उघडताच ते म्हणाले, "चारशे साठ."

"चारशे साठ ओहम, हा तारेचा अडथळा. बसवली तेव्हा दोनशे तीस होता. तारेचे दोन फेरे आहेत ना, एक बिजागरीकडे, एक कडीकडे, प्रत्येक चारशे साठचा. विजेला दोन वाटा मिळाल्या की अडथळा निम्मा होतो. आता तो दुप्पट दिसतोय, म्हणजे एक फेरा तुटलाय. गुणाकार केला तर?"

"एकशे पंधरा."

"तेवढेच वॅट मिळतायत. आणि तेही बिजागरीच्या बाजूला, तिकडचीच पट्टी कोमट लागतेय. कडीकडचा फेरा मेलाय."

सासऱ्यांनी डोळे उघडले. "मग?"

तिनं चौकटीशेजारच्या डब्यातलं हीटरचं बटण बंद केलं आणि कडीकडची पट्टी खोलली. बोटं इतकी बधिर झाली होती की स्क्रू हातात आहे की खाली पडला, हे बघूनच कळत होतं. तार मध्यावर जळून तुटलेली सापडली.

"निम्मी तार धड आहे. तिचं तुटलेलं टोक साध्या वायरीनं डब्यात परत नेते. निम्मी तार, निम्मा अडथळा."

"दोनशे तीस," सासरे पुटपुटले. "म्हणजे एक अँपिअर. म्हणजे दोनशे तीस वॅट." मग म्हणाले, "अजून आखूड कर की. ऊब वाढेल."

"ऊब वाढेल आणि तार वितळेल. या बंद खोलीत धूर झाला, तर मग थंडीनं मरायचीसुद्धा गरज उरणार नाही."

सासरे हसले. हसता हसता त्यांचे दात वाजले.

तिनं जोड पक्का केला आणि बटण दाबलं. जोडलेल्या फेऱ्याच्या वायरीवर मीटरनं एक अँपिअर दाखवला. आता वाट बघण्यापलीकडे काही नव्हतं. दोघं दाराला पाठ लावून बसली.

"बाबा, बाटल्यांच्या कारखान्यात मला काम मिळतंय. सोमवारपासून."

"हे विषय इथं?"

"घरात तुम्ही उठून जाता. इथून कुठं जाणार?"

"तू गेलीस तर इथलं कोण बघणार?" सासरे म्हणाले.

पट्टीवरून पाण्याचा ओघळ आला. जळक्या रबराचा वास सुटला तसं तिनं बटण बंद केलं. दोघांनी दांड्यावर सगळा भार टाकला. एकदा, पुन्हा एकदा. कडकन आवाज झाला आणि दोघं उन्हात तोंडावर पडली.

संध्याकाळी सासऱ्यांनी घरी आल्यागेल्याला सगळं साग्रसंगीत सांगितलं. "सून होती म्हणून वाचलो. आता हिला कुठं जाऊ देतोय मी!" सगळे कौतुकानं हसले. नवराही हसला. तिनं हातातला घास ताटात ठेवला. खोलीभर माणसं, शेगडी पेटलेली, आणि तिला तिथंही श्वास पुरेना.

"सोमवारपासून मी कारखान्यात जाणार आहे," ती म्हणाली.

सासरे ताटावरून उठले.

रविवारी तिनं शीतगृहात नवी तार ओढली, आतून वाजवता येईल अशी घंटा बसवली आणि पंख्याचं एक बटण आत घेतलं. सासरे दारात पाठमोरे उभे होते. ती बाहेर येईपर्यंत ते दार हातानं धरून राहिले. सोमवारी ती कारखान्यात जायला निघाली, तेव्हा ते शीतगृहाकडे चालू लागले.