पंधरा दिवसांची मुदत

बाईंच्या घरी तपासणीला कुणी जायचं, यावर आमच्या ऑफिसात दोन दिवस खल झाला. खल म्हणजे काय, तर साहेब माझ्या टेबलाशी यायचे, पेपरवेट उचलून बघायचे आणि परत जायचे. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुम्हीच जा. मला त्यांच्यासमोर बोलायला जमणार नाही. त्यांनी मला घडवलंय हो."

घडवताना कणा घालायचा राहिला असावा.

नवा नियम लागू झाला होता. जुन्या घरांत चालणाऱ्या पाळणाघरांची दारं, खिडक्या, भिंती तपासायच्या आणि रंगात शिसं निघालं तर ती खोली मुलांसाठी बंद करायची. पूर्वीच्या ऑइलपेंटमध्ये शिसं सर्रास असायचं. रंगाचे पोपडे निघतात, त्यांची धूळ होते, धूळ मुलांच्या हाताला लागते आणि हात तोंडात जातात. ताप येत नाही, पुरळ उठत नाही. मूल नुसतं मागे पडत जातं. एवढी साधी गोष्ट, पण दहा घरांत ती सांगून माझा घसा बसला होता. प्रत्येक घरात एकच उत्तर: "आम्ही याच रंगात लहानाचे मोठे झालो, आम्हाला काय धाड भरली?" त्यांच्याकडे बघून मला उत्तर सुचायचं, पण सरकारी नोकरीत ते बोलता येत नाही.

अकरावं घर बाईंचं. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. साहेब त्यांचे विद्यार्थी, मीही. मुख्याध्यापिका असून चौथीचं गणित त्या स्वतः घ्यायच्या. माझं नाव मंदाकिनी नाही, पण बाई वर्षभर मला त्याच नावाने हाक मारायच्या. 'मंद' म्हणून जरा थांबायच्या, वर्गाला हसू द्यायच्या, मग उरलेलं नाव घ्यायच्या. तेव्हा मी त्यांच्या घरी नुसती कर्तव्यबुद्धीने गेले असं म्हणाले तर ते खोटं होईल. मला त्या खिडक्यांत शिसं हवंच होतं.

दार सुनेने उघडलं. पाळणाघर खरं तिचं. तिचा नवरा परगावी नोकरीला, आणि ही सकाळी सातपासून चौदा मुलं सांभाळत होती. बाई आरामखुर्चीत बसून तिच्या चुका काढायचं काम बघत.

"कोण आहे?"

"तपासणीला आल्यात, आई."

बाईंनी चष्मा वर केला. मला ओळखलं. "अरे वा. मंदाकिनी! सरकारला दुसरं कुणी मिळालं नाही?"

मी यंत्र बाहेर काढलं. केस वाळवायच्या यंत्रासारखं दिसतं ते. पृष्ठभागाला टेकवायचं, घोडा दाबायचा, आकडा येतो. भिंतींत काही नव्हतं. दाराच्या चौकटीत थोडं निघालं. खिडकीला टेकवलं आणि आकडा मर्यादेच्या बारापट आला. मी पुन्हा टेकवलं. पुन्हा तोच. गडद निळी, दोन झडपांची मोठी खिडकी. उघडताना-मिटताना झडपा चौकटीला घासायच्या आणि खालच्या फळीवर बारीक निळसर भुकटी पडलेली होती. त्या फळीखालीच मुलांच्या गाद्या ओळीने अंथरल्या होत्या.

मी गुडघ्यावर बसले. फळीच्या कडेला छोटे छोटे चावे होते.

"हे काय?"

"उंदीर," बाई म्हणाल्या.

सून हळूच म्हणाली, "चिमीचे दात आहेत ते. तिला खिडकीशी उभं राहायला आवडतं."

चिमी दोन वर्षांची होती. तिची आई कापड गिरणीत पाळीवर जायची. कोपऱ्यात बसून ती एका डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न करत होती, उलटं धरून.

"बाई, ही खोली आजपासून बंद करावी लागेल. काम शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्यायचं. रंग ओला करूनच खरवडायचा, कोरडा घासायचा नाही. आणि काम होईपर्यंत मुलं या घरात नकोत."

"हा रंग माझ्या यजमानांनी निवडून आणलेला. त्या काळातला सगळ्यात भारी. आणि तू मला खिडकी कशी घासायची ते शिकवतेस?"

"नियमात आहे."

"नियम! ज्यांना दोन ओळी नीट लिहिता येत नाहीत, ते नियम करतात आणि ज्यांना वाचता येत नाहीत, ते राबवतात."

मी नोटीस लिहून ऑफिसात आले. 'खोली तात्काळ बंद करावी' असं मी स्पष्ट लिहिलं होतं. साहेबांनी ती वाचली, पेन काढलं, 'तात्काळ बंद करावी' यावर काट मारली आणि वर लिहिलं: 'पंधरा दिवसांच्या आत शक्य तितक्या लवकर योग्य ती दुरुस्ती करावी'.

"त्यांचं वय झालंय," साहेब म्हणाले. "एकदम दार बंद केलं तर लोक काय म्हणतील? इतकी वर्षं थांबलंय, पंधरा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

मी म्हणायला हवं होतं की अशा नोटिशीवर मी सही करणार नाही. मी सही केली. त्या आठवड्यात माझ्या बढतीचा कागद साहेबांच्याच टेबलावर होता. साहेबांना नावं ठेवायला माझी जीभ फार चालते. हेही सांगायला हवं.

अकराव्या दिवशी दुपारी मी पुन्हा गेले. रस्त्यावरूनच खरखर आवाज ऐकू आला. आत बघते तर बाई स्टुलावर उभ्या. पदर खोचलेला, नाकाला रुमाल बांधलेला, हातात काचपेपर. अर्धी खिडकी घासून लख्ख लाकूड दिसत होतं. बाईंचे केस, भुवया, हात सगळं निळं. खोलीच्या मध्यावर दोरीला एक चादर टांगली होती आणि चादरीच्या पलीकडे चौदा मुलं जेवायला बसली होती. भाताच्या ताटल्यांवर निळी भुकटी साफ दिसत होती. चिमी बोटाने ती गोळा करून चाटत होती. शिसं चवीला गोडसर असतं म्हणतात.

"मुलांना बाहेर काढा!" मी ओरडले. "ताटल्या ठेवा खाली! सगळी बाहेर!"

सून थिजून उभी होती. मग तिने एकेकाला उचलून अंगणात न्यायला सुरुवात केली. बाई स्टुलावरून उतरल्याही नाहीत.

"आरडाओरडा नको. तुझ्या त्या शिकलेल्या माणसाला मी बोलावलं होतं. पोरगा होता नुसता. हात थरथरत होते त्याचे. माझ्या खिडकीला हात लावू देईन मी त्याला? आणि मुलांना धूळ लागू नये म्हणून चादर लावलीय की."

"आई, नोटिशीत कोरडं घासू नका असं होतं," सून म्हणाली. "मी तुम्हाला दोनदा वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, शुद्धलेखन बघ आधी त्यांचं."

बाईंनी काचपेपर फळीवर ठेवला.

त्या संध्याकाळी पालक जमले आणि माझ्यावरच तुटून पडले. एक बाप म्हणाला, "उद्या कामावर जाताना पोराला तुमच्या ऑफिसात सोडू का?" दुसरा म्हणाला, "बाई स्वतः राबत होत्या या वयात, आणि तुम्ही आल्या कागद घेऊन." अडाण्यांची समजूत काढता येते, पण शिकून अडाणी राहिलेल्यांपुढे हात टेकावे लागतात. मी फक्त एवढंच म्हटलं की उद्या सकाळी रक्त तपासायला या. आले सगळे. चिमीची आई पाळी संपवून, न झोपता आली.

चौदापैकी नऊ मुलांच्या रक्तात शिसं मर्यादेबाहेर निघालं. चिमीच्या इतकं, की तिला तीन आठवडे दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागलं. तिच्या आईने डॉक्टरांना विचारलं, "बरी होईल ना?" डॉक्टर म्हणाले, "रक्तातलं उतरेल. बाकीचं ती शाळेत जायला लागली की कळेल." बाईंच्या रक्तातही निघालं, पण म्हातारं हाड चिवट. त्यांना काही झालं नाही.

साहेबांनी काय केलं? मला मेमो दिला. 'तपासणीनंतर पाठपुरावा करण्यात दिरंगाई का झाली, याचा खुलासा करावा.' खाली त्यांची ती वळणदार सही. मी खुलासा म्हणून त्यांच्या काटाकाटीसह नोटिशीची ऑफिसातली प्रत जोडली. मेमो परत घेतला गेला. बढतीचा कागदही.

पुढे सुनेने शिकलेल्या माणसांकडून काम करून घेतलं. खिडकी काढूनच टाकली, नवी बसवली. घर तीनदा ओल्या फडक्यांनी पुसून घेतलं. मी धुळीचे नमुने नेले, स्वच्छ आले. तेव्हा साहेबांना एक कल्पना सुचली. सुरक्षित पाळणाघराचं पहिलं प्रमाणपत्र बाईंना द्यायचं, समारंभ करून. हार, खुर्च्या, फोटोवाला. ज्या घरातली नऊ मुलं आजारी पडली, त्याच घराला!

बाई आल्या. काठी टेकत मंचापर्यंत गेल्या. साहेबांनी वाकून नमस्कार केला आणि प्रमाणपत्र पुढे केलं. बाईंनी ते घेतलं नाही. पिशवीतून घडी केलेली नोटीस काढली.

"हे तुझं अक्षर ना?"

साहेब हसले. "बाई, आता ते..."

"'शक्य तितक्या लवकर' म्हणजे काय रे गाढवा? 'बंद करा' असं लिहिलं असतं तर मी बंद केलं असतं. आयुष्यात एकदाही घंटा चुकवली नाही मी. तू मला पंधरा दिवस कशाला दिलेस?"

फोटोवाला थांबला.

"माझं चुकलं ते माझं चुकलं," बाई म्हणाल्या, पहिल्यांदाच जरा हळू. "पण तू चूक केली नाहीस. तू भ्यालास."

मग त्यांनी नोटिशीच्या तळाशी बघितलं, तिथे माझीही सही होती. त्यांनी माझ्याकडे नजर वळवली. मी मान खाली घातली.

प्रमाणपत्र शेवटी सुनेने घेतलं, कारण त्याच्याशिवाय पाळणाघर उघडता येत नव्हतं. सोमवारी चौदापैकी आठ मुलं आली. चिमी आली नाही. तिच्या आईने गिरणीची पाळी सोडली आहे. दर महिन्याला ती मुलीला रक्त तपासायला आणते, आणि नंबर येईपर्यंत दवाखान्याच्या बाकावर बसून तिला एकेक बोट मोजायला शिकवते. परवा चिमी चारपर्यंत गेली आणि तिथे अडली. आईने पुन्हा पहिलं बोट धरलं.