बायजाचा चेहरा

गणपतीच्या कारखान्याच्या मालकाने सुट्टी दिली, ती काही गिरजाबाईवर माया दाटून आली म्हणून नव्हे. रोह्याच्या हॉलमध्ये जपान, कोरिया, बांगलादेश अशा कुठकुठच्या कलाकारांचं प्रदर्शन भरलं होतं. त्याला शाडूची माती पेणहून या मालकानेच पुरवलेली, आणि आपली माती तिथं कशी मिरवते ते कारखान्यातल्या माणसांनी बघून यावं अशी त्याची हौस! नवरा काळुराम भाताची झोडणी उरकून घरीच होता, म्हणून तोही निघाला. कासूला दोघं गाडीत बसली ती रोह्याला उतरेपर्यंत मुकी. बायजा गेल्यापासून त्यांच्या घरात बोलणं होतं ते कामापुरतंच.

बायजा त्यांची एकुलती लेक. पावसाळ्यात ताप भरला आणि चार वर्षांची पोर हातची गेली. काळुरामने तिला उचललं, ओढ्याकाठी पुरून आला, आणि दुसऱ्या दिवशी सरळ भातलावणीला गेला. डोळ्यात टिपूस नाही! गिरजाबाईच्या काळजात ते रुतलं ते रुतलंच. माणूस हाय का दगड, असं ती वीस वर्षं मनात म्हणत आली. पोरीचा फोटो नव्हता. तेव्हा कोण काढतंय फोटो? तिला लेकीचा परकर आठवे, खोकला आठवे, चेहरा मात्र कधीचा पुसला गेलेला. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. आईनं असलं कोणत्या तोंडानं सांगायचं?

हॉलच्या पहिल्या खोलीत पत्र्याचे पक्षी टांगलेले होते. ते काही दोघांना उमजलं नाही. दुसऱ्या खोलीत लांबलचक टेबलावर ओल्या शाडूचे गोळे मांडलेले, आणि भिंतीला फळ्या. तिथल्या मुलीने सांगितलं, "ही कोरियाच्या बाईंची कल्पना आहे. आपलं जे माणूस गेलं, त्याचा चेहरा करायचा आणि फळीवर ठेवायचा."

गिरजाबाईचे हात शिवशिवले. डोक्याला आठवत नाही ते हाताला आठवेल, असं तिला एकदम वाटलं. ती बसली. कपाळ झालं, गाल झाले, हनुवटी झाली. नाकासाठी तिने अंगठा ओढला, तर सोंड उतरली. तिने मोडलं, पुन्हा केलं, पुन्हा सोंड! तिसऱ्यांदा नाक कसंबसं जमलं, तर कान सुपाएवढे. जन्म गेला गणपती करण्यात, हात दुसरं काही ऐकेचनात. शेजारची कॉलेजची पोरं हसून म्हणाली, "मावशी, इथंपण बाप्पाच का?"

तिने गोळा टेबलावर आपटला.

"काय झालं गो?" काळुराम जवळ आला.

"नाय आठवत तिचं तोंड! देवाची इतकी केली, पोटच्या पोरीचं एक व्हत नाय!" ती सगळ्यांदेखत हमसून रडायला लागली. "तुमाला काय त्याचं? तुमी लावणीला गेलात."

काळुराम टेबलाशी वाकला. तिच्यापुढचा गोळा त्याने उचलला, स्वतःच्या उजव्या अंगठ्याभोवती लपेटला आणि डाव्या मुठीनं दाबला. मग अंगठा अलगद बाहेर काढला. मागे राहिली एक आखूड, वेडीवाकडी, आतून पोकळ मातीची नळी.

"हे काय?"

"बाजारात जाताना अंगठाच धरायची. बोट दिलं तर भोकाड पसरायची." त्याने नळी तिच्यापुढे ठेवली. "खड्ड्यात ठेवली तवा मी तिची मूठ अंगठ्याभवती मिटवली. मग सोडवंना. वरून पाऊस, आन् मी तसाच बसलेला. दुसऱ्या दिवशी हात रिकामा ठेववंना, म्हणून गेलो लावणीला."

आणि तो रडला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, परक्या माणसांत, टेबलाची कड धरून रडला. ती कॉलेजची पोरं बिचारी मुकाट्यानं बाजूला सरकली.

गिरजाबाईने ती माती दोन्ही हातांनी घेतली. आत त्याच्या अंगठ्याच्या रेघा ओल्याच होत्या.

"आन् हे मला कवा सांगितलं नाय तुमी?"

त्याने टोपीनं डोळे पुसले. आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती.

"तू कवा इचारलंस?"

गिरजाबाईने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि वीस वर्षांतला एकही दिवस तिला सापडेना.