काळूरामबाबांनी पाच वेळा कापलेली वेल

मित्रांनो, मी एक जुनी वेल आहे, पण साधीसुधी समजू नका! तुमच्या घरच्या मसाल्याच्या डब्यात काळी मिरी असते ना? ती माझ्याच कुळातली. वसईजवळच्या होळी गावात, काळूरामबाबांच्या वाडीत मी राहते.

माझा जन्म रत्नागिरीकडचा. बाबांनी तिकडून सुपारीचं रोप आणलं, त्याच्या मातीत माझा एक तुकडा मुळं धरून बसला होता. सुपारी वाढली, तशी मीही तिच्या अंगाने वर चढले.

बाबांनी पन्नास वर्षं विड्याच्या पानांच्या वेली लावल्या. पान जरासं चावलं, की ते कोणाच्या वाडीतलं हे सांगायचे. माझं पान दिसायला अगदी तसंच. त्यांनी ते चावलं आणि थुंकून टाकलं.

"हे पान नाय. कायतरी रानटी घुसलंय. माज्या वेलींना रोग आनील," ते म्हणाले आणि मला बुंध्याशी कापलं. असं ओळीने पाच वर्षं चाललं. मीही हट्टी, दरवर्षी पुन्हा फुटले. पुढे बाबांचा गुडघा धरला, त्यांचं वाडीत येणं कमी झालं. तेवढ्यात मी उंच गेले आणि हिरव्या दाण्यांच्या घोसांनी लगडले. काय रुबाब होता माझा!

एका सकाळी बाबांच्या सहा वर्षांच्या नातीने, तेजस्वीने, माझे चार दाणे तोंडात टाकले. तोंड भाजलं आणि तिने रडून वाडी डोक्यावर घेतली. बाबा लंगडत धावले आणि त्यांनी कोयता उचलला.

"इख हाय इख! जालूनच टाकतो हिला!"

"बाबा, थांबा!" तेजस्वीची आई हेमांगी ओरडली. "पोरीने काय खाल्लं ते कळायला नको? एक फांदी द्या मला."

माझी पानाघोसासकट फांदी आणि रडणारी पोर घेऊन ती शेजारच्या क्लारा टीचरकडे पळाली. टीचर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. डॉक्टरांकडे जायला रिक्षाही दाराशी उभी होती. माझ्यापेक्षा मला त्या पोरीचीच काळजी वाटत होती.

टीचरनी घोस उलटसुलट पाहिला, एक दाणा चिरडून हुंगला. "पानवेलीला असे सुटे दाणे धरत नाहीत. हेमांगी, ही मिरी आहे गं. तिला थंड दूध दे. तरी डॉक्टरांना दाखवून ये."

डॉक्टरांनीही काळजी नाही म्हणून सांगितलं. संध्याकाळी हेमांगीकडून सारं ऐकून बाबा माझ्यापाशी आले, माझ्या पानावरून हात फिरवत उभे राहिले.

"एवढी पानं चावली गो, पन तुला नाय वलखलं," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते.

आज माझी मिरी साऱ्या आळीत जाते. आल्यागेल्याला बाबा मला दाखवतात आणि आपली चूकही स्वतःच सांगतात. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, अनोळखी फळ तोंडात घालू नका आणि अनोळखी झाडावर कोयताही चालवू नका. जाणत्या माणसाला विचारा. माझं नाव कळायला एक फांदी पुरली. ती न्यायचं मात्र पाच वर्षं कोणाला सुचलं नाही.