शिडाचा कोट

वैशाखात चौके गावच्या सड्यावरचा, म्हणजे उघड्या माळावरचा, कातळ असा तापतो, की गुरंसुद्धा त्यावर खूर टेकत नाहीत, कडेच्या वाळल्या गवतातून जातात. अशा दुपारी त्या सड्यावरून कातड्याचा काळा कोट गळ्यापर्यंत बंद करून मोटारसायकल हाकणारा उभ्या मालवण तालुक्यात एकच माणूस होता, हरिश्चंद्र. लहानथोर सगळे त्यांना भाई म्हणत. भाई देवीची लस टोचायचे. पाऊस लागायच्या आत गावंच्या गावं उरकायची, म्हणून ऐन उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. पलटणीत असताना ते गाडीवरून टपाल पोचवत. लढाई संपल्यावर लष्करानं विकायला काढलेली तसलीच एक जुनी गाडी घेऊन ते गावी परतले. पुढे त्यांची बायको, माई, गेली, त्याला आता सात वर्षं झाली होती. एकुलता एक मधू सतराव्या वर्षी मुंबईच्या गोदीत लागला, त्याला तीन. घरात बोलायला कोणी नव्हतं. गाडीला निदान आवाज होता.

कोट मधूनंच धाडलेला. दिवाळीला येतो म्हणाला आणि आला तो कोट, बोटीच्या पार्सलातून. आत चिठ्ठी होती : "बाबा, इथे एकजण गाडीवरून पडला, हात हाडापर्यंत सोलवटला. कोट घातल्याशिवाय गाडीवर बसणार नाही असा मला शब्द द्या. मी घालून पाहिला आहे, तुम्हाला होईल." भाईंनी उलट टपाली शब्द दिला. मग कोट अंगात घातला, तर बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्या. पोराचे हात आपल्यापेक्षा लांब झाले, हे त्यांना असं कळलं. त्यांनी बाह्या दुमडून घेतल्या, आखूड मात्र करून घेतल्या नाहीत.

थंडीत कोट गोड लागला. शिमगा सरला आणि तो भट्टी झाला. कट्टा गावाच्या वाटेवर एका दुपारी डोळ्यांपुढे काजवे चमकले, तेव्हा भाईंनी कशीबशी गाडी उंडीच्या झाडाच्या सावलीत लावली. जाग आली ती तोंडावर पाणी पडल्यावर. काजू गोळा करणारी एक बाई वाकून बघत होती. "मेल्या, ह्या उन्हात रेड्याचा कातडा पांघरून खंय चललास?" ती म्हणाली, आणि हसली नाही.

दवाखान्याच्या डॉक्टरांनी नाडी बघितली. कातड्याखाली घाम सुकत नाही, अंग निवत नाही, हे समजावून सांगितलं, नुसत्या सदऱ्यावर जा म्हणाले. भाई कोटाची बटणं लावू लागले. सदऱ्यावर जायचं तर शब्द मोडतो. मग डॉक्टर ऑफिसातल्या आवाजात म्हणाले, "पुन्हा असं झालं तर तुमची फिरती बंद. इथे बसून नोंदवही लिहायची. आठ दिवसांनी फिरतीचा नवा कागद सहीला येईल, तेव्हा बघू." फिरती बंद म्हणजे दिवसभर खुर्ची आणि संध्याकाळी घरची ओटी. भाईंना उन्हापेक्षा त्या ओटीचं भय वाटलं. अंग सोलवटू न देणारं आणि उन्हात जीव न घेणारं असं काहीतरी अंगावर हवं होतं, आणि ते आठ दिवसांत हवं होतं.

दुकानात खाकी होती, ती पातळ. कांबळं जाड, पण कातड्याचंच भावंड. फिरून फिरून भाई दांडीच्या किनाऱ्यावर बाबलीकडे गेले. बाबलीनं जन्मभर शिडं शिवली. आता होड्यांना यंत्रं बसू लागली होती, त्याच्या स्वतःच्या पोरानंही बसवलं होतं, आणि म्हातारा माडाच्या झापाच्या सावलीत सुया तेलात घालून बसलेला असे. कोट उलटापालटा करून त्यानं सोपी वाट सांगितली : छातीला नि पाठीला चार खिडक्या कापूया. त्यानं कातर उचलली मात्र, भाईंनी कोट ओढून पोटाशी धरला.

"कापू नको. तो मधूच्या मापाचो आसा."

बाबलीनं कातर खाली ठेवली. मग आत जाऊन स्वतःच्या जुन्या होडीचं शीड ओढत घेऊन आला. ऐनाच्या सालीच्या पाण्यात मुरवून मुरवून ते तांबूस झालं होतं, हाताला जाड, अंगाला सुती. त्यानं भाईंना डोलकाठीसारखं ताठ उभं केलं, दोरीला गाठी मारत माप घेतलं, आणि चौथ्या दिवशी कोट हातात दिला. खांद्यांना नि कोपरांना काथ्याच्या गाद्या, शिवण दुहेरी. भाईंनी आपल्या लष्करी टोपाच्या आत पोफळीची विरी, झावळीच्या बुडाचं रुंद साल, कापून बसवली होती, तिनं डोकं थंड राहत होतंच. आता अंगाचीही सोय झाली असं वाटलं.

सड्यावर गाडीनं वेग घेतला आणि शीड भरलं. बाबलीनं हात शिडासाठी चालवले होते, कोटासाठी नाही. गळ्याकडून वारा आत शिरे आणि बाहेर पडायला वाट नसे. भाईंची पाठ फुगली, छाती फुगली, गळपट्टी मानेला कापू लागली. बाजूनं वळवाच्या वाऱ्याचा झोत आला तशी गाडी हातभर बाजूला सरकली. शेतात भाजावळ करणारी माणसं काम टाकून बघत राहिली आणि कोणीतरी ओरडलं, "टोचणारो बंदराक लागलो रे!" भाई उतरले, गाडी ढकलत परत आले.

त्यांची लाल मान बघून बाबली खोकला लागेपर्यंत हसला. हसता हसता थांबला. तांबूस कापडावरून हात फिरवत हळू म्हणाला, "चाळीस वर्सां वारो धरूक शिकलंय. सोडूचो कसो, ता माका कोणी शिकवल्यानच नाय."

दोघं समुद्राकडे बघत बसले. माई जात्यावर म्हणायची ती ओवी भाईंच्या मनात आपोआप फिरू लागली :

भरला गो शीड, वाऱ्यान भरला,
माझ्या झिलाचा तारू, बंदराक नाय फिरला.

मधू तेव्हा पाळण्यात होता.

"जाळ्यातसून जाता मगे वारो," बाबलीच म्हणाला आणि उठला. या खेपेला त्यानं भाईंना गाडीवर बसवून, हात मुठींवर ठेवायला लावून, वाकल्या पाठीचं माप घेतलं. छाती, पाठ आणि काखा कापून काढल्या, आणि त्या जागी तागाच्या दोऱ्याचं बारीक डोळ्यांचं जाळं लाकडी सुईनं विणून बसवलं. शीड उरलं ते खांद्यांवर नि हातांवर, पडलो तर जिथं घासतं तिथं. त्याला तीन दिवस लागले, आणि तीनही दिवस भाई कामावरून येऊन त्याच्याजवळ बसले. बाबलीनं मधूबद्दल एकदाच विचारलं, झील येतलो कधी? भाई म्हणाले, येतलो.

सोमवारी ते सड्यावर गेले. वेग घेतला. वारा समोरून आला, जाळ्यातून छातीला लागला, घामाला लागून गार झाला आणि पाठीकडून निघून गेला. कोट अंगावर निवांत पडून होता. भाई थांबले नाहीत. त्या दिवशी त्यांनी दोन वाड्या उरकल्या, रडणाऱ्या पोरांना करवंदं दिली, आणि दिवस मावळायच्या आत घरी आले. डॉक्टरांनी कोटाकडे बघून मान हलवली आणि फिरतीच्या कागदावर सही केली.

संध्याकाळी ओटीवर बसून त्यांनी मधूला पत्र लिहिलं. शब्द मोडला, हे पहिल्या ओळीत लिहिलं. मग बाबलीचं, शिडाचं, जाळ्याचं लिहिलं, फुगल्याचंही लिहिलं, कारण ते वाचून तो हसेल. "कातड्याचा कोट तुझ्या खुंटीवर आहे," असं लिहून ते थांबले. ये, असं लिहायचं मनात होतं. लिहिलं ते असं : "पावसात त्याला बुरशी धरेल, म्हणून दर रविवारी खोबरेल लावीन."

पाकीट चिकटवून ते उठले. रविवार नव्हता, तरी खोबरेलाची बाटली घेतली आणि खुंटीखाली उभे राहिले. सहा महिने दुमडून ठेवलेल्या बाह्या त्यांनी आज सोडल्या. दुमडीची रेघ कातड्यात पक्की बसली होती. ती जाईपर्यंत ते बोटानं तेल चोळत राहिले, मनगटापासून खाली, लांब हातांच्या टोकापर्यंत.