बाईसाहेबांचा पान्हा

शेजारच्या थोरलीनं सकाळी सकाळी धाकट्या जावेचा उद्धार सुरू केला, तेव्हा मी भिंतीअलीकडे दात घासत होतो. एक शब्द हुकू नये म्हणून चूळही भरली नाही.

"मी अजून मेले नाही गं! आणि माझा स्वेटर तुझ्या अंगावर?"

थोरलीला कॅन्सर झाला. ऑपरेशनात छातीची एक बाजू गेली. औषधांनी केस गेले, ते कुरळे होऊन परत आले. उजवा हात मात्र सुजलेलाच राहिला, जड काम बंद. चौकशीला येणाऱ्या बायका तोंडाकडे बघून बोलायला लागायच्या, पण नजर एक वीत खाली घसरायची. थोरली म्हणायची, "बघा बघा, फुकट आहे."

तिला डाचत होतं वेगळंच. तिच्या गोठ्यातली बाईसाहेब नावाची गाय तिच्याशिवाय कुणाला कासेला हात लावू देत नसे. थोरलीच्या नवऱ्याला तर गाईनं एकदा लाथ मारून शेणात बसवलं होतं. थोरली हॉस्पिटलात गेली आणि तीच बाईसाहेब धाकटीला बादली भरून द्यायला लागली. थोरली ओट्यावर बसून धारांचा आवाज ऐकायची आणि जळायची. नवऱ्यानं दुसरी आणली असती तर एकवेळ सोसलं असतं तिनं. नवरा काही दूध देत नाही.

आज राहवेना म्हणून गोठ्यात डोकावली, तर हा स्वेटर.

"हौस नाही हो मला," धाकटी म्हणाली. "घामाचा वास मारतोय त्याला."

"मग घातलास कशाला?"

धाकटी पुटपुटली, "त्याशिवाय ती पान्हा सोडत नाही. आधी लाथा खाल्ल्या, मग हा चढवला. धूतसुद्धा नाही, वास गेला तर पंचाईत. वर हळूच तुमच्या शिव्याही द्याव्या लागतात."

"कुठल्या?"

"सगळ्या."

"आणि हे मला आत्ता सांगतेस?"

"घरातले म्हणत होते, धाकटीच्या हाताला यश आहे. म्हटलं, मिरवावं थोडं. तुम्ही आजारी पडलात तरी घर तुमच्याभोवती, जाऊबाई. मी धडधाकट, तर भांड्यांभोवती."

थोरलीनं डावा हात पुढे केला. "काढ तो. किती मळलाय."

दुपारी स्वेटर दोरीवर वाळत होता. साबणाचा वास माझ्या अंगणापर्यंत.

संध्याकाळी आधी बादली वाजली, मग धाकटी. "आई गं!"

"सरक," थोरलीचा आवाज आला.

आता भिंतीवरून बघणं भागच होतं. थोरली कासेशी बसली. बाईसाहेबांनी वळून ते कुरळं डोकं हुंगलं. ओळख पटेना. पाय उचलला. थोरलीनं ठेवणीतली एक शिवी हासडली.

पाय खाली आला. पान्हा सुटला.

एकटा डावा हात, निम्मी धार जमिनीवर. बादलीचा तळ जेमतेम झाकला आणि तिचा हात थकला. धाकटी कंबर चोळत जवळ आली.

"उरलेलं मी काढते, जाऊबाई. तुम्ही नुसत्या शेजारी बसा."

"बसते," थोरली म्हणाली. "पण शिव्या मीच देणार."