तापलेला वाफा

“टाक गो धने. निवली जमीन,” भागूबाई वाफ्यात अनवाणी उभी राहून म्हणाली.

तिची सून तेजस्वी कोथिंबिरीसाठी रगडलेल्या धन्यांची परात घेऊन आत उतरली आणि लगेच बांधावर उडी मारून परत गेली. “आई, चटके बसतायत! तुम्ही उभ्या कशा राहिलात?”

भागूबाईने खाली पाहिले. दुपारचे ऊन थेट वाफ्यावर होते. पायांना काहीच जाणवत नव्हते, ना गरम ना गार. जणू दुसऱ्या कुणाच्या तरी पायांवर ती उभी होती.

“तुमचे पोरींचे पाय नाजूक,” ती म्हणाली.

जूचंद्र गावातल्या या भाजीच्या वाडीत तिचा जन्म गेला होता. पाऊस ओसरला की जमीन उन्हाने तापायची आणि दिवाळीच्या सुमारास हळूहळू निवायची. तापल्या मातीत धने उगवत नाहीत. ती कधी निवली, हे भागूबाईला तळव्यांनी कळायचे. यंदा मात्र पहिल्यांदा टाकलेले धने उगवलेच नव्हते, आणि तिने बियाणेवाल्याला शिव्या घातल्या होत्या. त्याचा काही दोष नव्हता, हे आता तिच्या ध्यानात आले.

तेजस्वी पाणी आणायला गेली, तशी ती मटकन खाली बसली. तळवा वळवून पाहिला. अंगठ्याखाली फोड फुटून त्यात माती भरली होती. तो दुखत नव्हता, म्हणूनच ती हबकली. तिच्या नवऱ्याचे, जयरामचे, असेच झाले होते. साखरेच्या आजाराने पाय बधिर झाले, खिळा रुतला तरी त्याला पत्ता नाही. आधी बोट कापले, मग पाय. मग तोच गेला.

तिने वाकून मातीला गाल लावला. चटका बसला. तिला रडूच फुटले.

“आई! चक्कर आली का?” तेजस्वी धावत आली.

“नाय. जमीन तापलेलीच हाय.” “मना पायांना काय कलत नाय गो. तुझ्या सासऱ्यासारखाच जाला. कोनाला सांगू नको.”

“सांगणार. आत्ता दवाखान्यात चला.”

“पाय कापतील.”

“घरी बसलात तर नक्की कापतील.”

रिक्षात भागूबाईने सुनेचे मनगट सोडले नाही.

डॉक्टरांनी जखम धुतली. पाय वाचेल म्हणाले. जाणीव परत येईल का, या प्रश्नावर मात्र त्यांनी नकारार्थी मान हलवली. यापुढे अनवाणी चालायचे नाही, एवढे बजावले.

दिवाळी झाली. बूट घालून भागूबाई बांधावर बसली होती. शेजारच्या वाडीतून रामनाथने दरवर्षीप्रमाणे हाक दिली, “भागू वयनी, निवली का जमीन? टाकू बी?”

तिने पायांतल्या बुटांकडे पाहिले. “तेजस्वीला इचार,” ती म्हणाली.

रामनाथ तेजस्वीकडे वळला. “काय गो सूनबाई?”

तेजस्वी अनवाणी वाफ्यात उतरली आणि डोळे मिटून उभी राहिली. भागूबाई तिच्या तोंडाकडे बघत होती.