समोर बसणारा

सहदेवने मूठ उघडली. तळहातावर आमच्याच घरची सुपारी होती. हळदीकुंकवाचा डाग अजून तिच्यावर होता.

न्हाणीच्या दारात उभ्या असलेल्या आईने हात पुढे केला. जमुना गेली, आता तिच्या माणसाने सुपारी परत करायची, हे रीतीला धरूनच होतं. पण सहदेवने मूठ पुन्हा मिटली.

“परत द्याले नाई आलो, पार्बताबाई,” तो म्हणाला. “कामावर आलो.”

बाळंतिणीच्या खोलीच्या अर्ध्या उघड्या दारातून मी हे पाहत होते. लेक मांडीवर होती. तिची पाचवीही व्हायची होती, आणि मी घडीघडी तिच्या नाकापाशी बोट धरून बघत होते. कॉलेजात एवढं वाचलेलं, त्यातलं तेव्हा काही आठवत नसे. बोटाला लागणारी ऊब तेवढी खरी वाटे.

जमुना आमच्या गल्लीतली न्हाऊ घालणारी. मी जन्मले तेव्हा मलाही तिनेच न्हाऊ घातलेलं. सहदेव तिचा नवरा, माळी. गावाबाहेर त्याचा वांग्या-मेथीचा मळा. पहाटे भाजी बाजारात पोचवायची, मग बायकोसोबत घरोघर यायचं, चुलाण्यावर पाणी तापवायचं, आणि ती बाळाला पायांवर घेऊन बसली की समोरून तांब्याने धार धरायची. एवढंच त्याचं काम. बायकांच्या न्हाणीत एक पुरुष बसतो याचं कुणाला काही वाटत नसे, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नसे.

माझं पहिलं बाळ अकोल्याला झालं, सासरी. सासूबाईंचा तसा हट्ट होता. ते पाळण्यात निजलं आणि उठलं नाही. म्हणून या वेळी सातव्या महिन्यात जमुना आपणहून आली आणि आईकडून सुपारी मागून घेतली. आमच्याकडे अशी सुपारी घेतली की ते बाळंतपण तिचं. सव्वा महिना झाला की शेवटच्या दिवशी ती फोडून खायची, म्हणजे काम पुरं झालं. “ह्या खेपेले लेकरू माह्या पायावर,” असं मला म्हणाली होती. भाद्रपदात तापाने तिला नेलं.

आईने दुसऱ्या बाईला निरोप धाडला होता, पण ती कौंडण्यपूरच्या जत्रेला गेलेली. ती येईपर्यंत एखाद-दोन दिवस, असं आई शेवटी म्हणाली. माझं अंग मी आईकडून धुवून घ्यायचं आणि बाळाचं तेवढं सहदेवने करायचं, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं.

न्हाणीत दोन दगड होते. भिंतीलगत एक रुंद, बसून बसून गुळगुळीत झालेला, तो जमुनाचा. त्याच्या समोर, चुलाण्याजवळ एक बुटका, तो पाणी ओतणाऱ्याचा. सहदेव आपल्या बुटक्या दगडावर बसला, पाय पसरले आणि हात पुढे केले. आईने लेक त्याच्या पायांवर ठेवली. मी दाराची चौकट धरून उभी होते.

त्याची बोटं मातीने भेगाळलेली. रात्रभर तेल चोळून आला होता म्हणे, बाळाला खरखरू नयेत म्हणून. तिळाचं तेल त्याने तळव्यात कोमट केलं, लेकीचा पाय हातात घेतला आणि घोट्यापासून वर सरकू लागला. जमुना न्हाऊ घालताना गाई. याला गाणं येत नव्हतं. म्हणून तो हलक्या आवाजात भाजीच सांगत होता; कोथिंबीर म्हणजे आमच्याकडे सांभार. मेथी, पालक, सांभार. वांग्याले फूल आलं, वालाची येल चढली, मुये गोड झाले. मग पुन्हा मेथी, पालक, सांभार.

जिनिंग कारखान्याच्या बाजूने कापसाचे कण उडत येत होते. कोवळ्या उन्हात ते न्हाणीवर तरंगत, चुलाण्याच्या वाफेत शिरले की जड होऊन खाली बसत. एक कण लेकीच्या कपाळावर टेकला. सहदेवने फुंकर घातली. लेकीने डोळे मिटले. मला वाटलं, हे सगळं पाण्याखाली चाललंय, आवाजसुद्धा तिकडूनच येतोय. नंतर धुरी देऊन आईने तिला माझ्या कुशीत ठेवलं. ती इतकी गाढ झोपली की मी घाबरून तिला हलवून जागं केलं.

जत्रेला गेलेली बाई परत आली. आईने तिला बोलावलं नाही. मीही आठवण करून दिली नाही.

बाजारात सहदेवची थट्टा चाले. आई भाजीवालीकडून ऐकून यायची आणि मला सांगताना तिचं तिलाच हसू येई. कुणी विचारलं होतं, काय सहदेव, पान्हा फुटला का? तर तो वांगी मोजता मोजता म्हणाला होता, फुटला असता त त्या लेकराले आणखी बरं झालं असतं.

बारशाच्या आदल्या दिवशी सासूबाई अकोल्याहून आल्या. कौशल्याबाई. टांग्यातून उतरल्या त्या थेट परसात, नात पाहायला. सहदेवच्या पायांवर लेक उघडी पडलेली, तेलाने चकाकत.

“बाईमानसं सरली का अमरावतीतली?” त्या आईला म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता. “एक लेकरू गेलं आमचं. आता दुसऱ्याच्या अंगाले बाप्याचा हात? बारसं झालं की दोघीले घेऊन जातो मी. तिथं बाई पाहून ठेवली हाय.”

लेकीच्या सासूपुढे आई काय बोलणार? सहदेवचे हात चालूच होते, पण भाजीची नावं थांबली.

सासूबाईंनी जरा वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, “डावा पाय काहून धरला पयले? लेकराचं उजव्यापासून करतात, एवढंही ठाऊक नाई?”

सहदेव थांबला. त्याने लेकीचा उजवा पाय धरला आणि त्याचे हात एकदम परके झाले. बोटं कुठून कुठे जायची तेच त्यांना कळेना. अंगठा घोट्यावर अडला, दुसरा हात गुडघ्यापाशी नुसताच टेकून राहिला. लेक रडायला लागली. त्याच्या हातून ती आजवर रडली नव्हती.

“उलटं नाई येत मले,” तो खाली मान घालून म्हणाला.

सासूबाईंनी आईकडे बघितलं. आता बोलण्यासारखं काही उरलं नाही, असं ते बघणं होतं. सहदेवने लेकीला दुपट्यात गुंडाळून उचललं, आईच्या हाती देण्यासाठी. कमरेच्या चंचीत सुपारी होती, ती तो आता काढणार असं मला वाटलं.

मी खोलीच्या बाहेर आले. डोक्याला बांधायचं फडकंही राहिलं.

“सहदेवदादा, जमुनाबाई न्हाऊ घाले तेव्हा तुमी समोर बसत होते ना?”

“मंग. धार धराले समोरच बसा लागे.”

“तिथूनच पाहिलं सारं?”

“तिथूनच. तिच्याकडंच पाहत बसो.”

मी सासूबाईंकडे वळले. “आत्याबाई, आरशात कसं दिसते? उजवं ते डावं. हे जमुनाचंच हाय. यांच्याकडं तसंच आलं. त्यांले असंच करू द्या. मी नाई येत अकोल्याले, सव्वा महिना होईलोक.”

मी त्यांच्यासमोर इतकं कधी बोलले नव्हते. सासूबाई रुंद दगडाकडे पाहत राहिल्या. त्या रिकाम्या दगडासमोर हा माणूस आपल्या जुन्याच जागी बसला होता, हे बहुतेक त्यांना तेव्हाच दिसलं. लेक त्याच्या हातात हुंदके देत होती.

“वारा लागीन,” सासूबाई मला म्हणाल्या. “आत हो.”

मी आत गेले. मागून पाण्याचा आवाज आला, मग खूप हळू, मेथी, पालक, सांभार. बारसं झाल्यावर सासूबाई एकट्याच परत गेल्या.

सव्वा महिना भरला त्या दिवशी त्या आम्हाला न्यायला आल्या. शेवटचं न्हाणं त्यांनी दारात उभं राहून पाहिलं. लेक आता ओळखीचं हसायची, भाजीच्या नावांना पाय उडवायची.

न्हाऊ घालणारीला शेवटच्या दिवशी लुगडं आणि ओटी द्यायची. आईने सातव्या महिन्यातच जमुनासाठी हिरवं लुगडं घेऊन ठेवलं होतं. आता बाप्याला काय द्यायचं म्हणून एक धोतरजोडीही आणली होती. दोन्ही ताटात ठेवून ती नुसती उभी होती. सहदेवने धोतराला हात लावून नमस्कार केला आणि ते बाजूला सरकवलं. लुगड्याला हात लावला नाही. त्याच्याकडे बघत राहिला.

सासूबाईंनी आईच्या हातातलं ताट घेतलं. तांदूळ, नारळ, खण, त्यावर लुगडं.

“पदर पसर,” त्या म्हणाल्या. आजवर किती बायकांच्या ओट्या भरलेल्या, सवयीनेच तोंडातून गेलं. मग त्याही थबकल्या. कुणी हसलं नाही.

सहदेवने डोक्याचा दुपट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी पुढे पसरला. सासूबाईंनी ओटी भरली.

मग त्याने आईकडे अडकित्ता मागितला. चंचीतून सुपारी काढली. डाग आता पुसट झाला होता. सुपारी वाळून टणक झालेली, पहिल्यांदा सटकली, मग फुटली. अर्धी त्याने तोंडात टाकली. दात फार नव्हते, गालात धरून तो ती नुसती चोखत राहिला.

उरलेली अर्धी रुंद दगडावर ठेवली.

चुलाण्यातला विस्तव त्याने पाणी शिंपडून विझवला, ओटी छातीशी सावरली आणि मागच्या दाराने गेला. टांगा यायला वेळ होता. मी लेकीला खांद्यावर घेऊन न्हाणीत उभी राहिले. दगड ऊन लागून वाळत आले होते. सुपारीभोवती तेवढी ओल होती, आणि तिच्यात कापसाचा एक कण येऊन बसला होता.